म्हस्कू आबांची कोरी फिल्म

शिरूर, ६ जानेवारी २०२५

शंभू,

नावाआधी काय लिहावं यात माझा अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, मास्तरांना काहीतरी पाहिजे. 'चिरंजीव' लिहावं तर तूही आता पन्नाशीच्या दारात. 'श्रीयुत' लिहिलं असतं तर तू पत्र न फोडताच वकिलाकडे गेला असतास. संस्कृतात हाक मारायला वेगळं रूप असतं, पण अकरा वर्षांनी हाक मारायची तर कोणत्या तोंडानं, याबद्दल पूर्वसूरींनी काही लिहून ठेवलेलं नाही. म्हणून नुसतं शंभू.

मी ठीक आहे. अजून त्याच शाळेत आहे. पोरं संस्कृत घेतात ते शंभरापैकी शंभर पडतात म्हणून, आणि मी शिकवतो ते मला दुसरं काही येत नाही म्हणून. दोन्ही बाजूंनी व्यवहार चोख आहे.

पत्राचं कारण आमचा फ्रीज. फिल्मचा तो डबा आठवतो? आठ ताव शिल्लक होते. अकरा वर्षं तो श्रीखंडाच्या जागेवर बसलाय. परवा सुलक्षणा म्हणाली, "एकतर वापरा, नाहीतर घोडनदीत नेऊन सोडा. मला पाहुण्यांना सांगायचा कंटाळा आलाय की हा खाऊ नाही." डब्यावरची मुदत संपून नऊ वर्षं झाली. पण मुदत डब्यावर लिहिलेली असते, फिल्मला ती माहीत नसते, असं तूच म्हणायचास.

अडचण तुला ठाऊक आहे. माणसं भांडली की जमीन वाटतात, आपण कॅमेरा वाटला. लाकडी पेटी, भाता, मागची धुरकट काच आणि फिल्म धरणारा होल्डर माझ्याकडे. पितळी लेन्स आणि ती पेटीला बसवायला तू केलेली सागवानी पाटी तुझ्याकडे. जमीन वाटली तर निदान दोन्ही तुकडे पिकतात. इथे शिरुरात कपाटावर एक आंधळी पेटी पडली आहे आणि दौंडात कुठल्यातरी ट्रंकेत एक बिनधडाचा डोळा. तळेगाव ढमढेऱ्याच्या ज्या फोटोवाल्याकडून आपण कॅमेरा निम्मे-निम्मे देऊन घेतला, त्याला हे कळलं तर तो पुन्हा दुकान उघडेल आणि रागानं बंद करेल.

तर लेन्स थोडे दिवस मिळेल का? नदीवरच्या पुलाचे दोन-चार फोटो काढीन म्हणतो. पूल स्थिर असतो आणि तक्रार करत नाही.

तुझा (हा शब्द खोडायचा असेल तर कळव),
जयसिंग मास्तर


शिरूर, १९ जानेवारी २०२५

शंभू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी दोनदा पोस्टात चौकशी केली.

पुलाचं खोटं होतं. शिक्षकानं खोटं बोलू नये. बोललाच तर दुसऱ्या पत्रात दुरुस्त करावं.

डिसेंबरात तुझी तेजश्री शिरूरच्या एसटी स्टँडवर भेटली. नर्सिंगच्या परीक्षेला आली होती. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. "तुम्ही ते काळ्या कपड्यात डोकं घालणारे मास्तर ना?" माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनाचा हा सारांश. मी चहा घेऊ म्हटलं, ती उसाचा रस म्हणाली. रस पिता पिता म्हणाली, "आजीला फोटू पायजे. खुर्चीत बसून, नीट. मी मोबाइलवर काढले की, दहा काढले. म्हणती, ह्यात मी बाजाराला निघाल्यासारखी दिसती. म्हणती, तुझ्या आबांचा न्हाई तर न्हाई, निदान माझा तरी भिंतीला लागू द्या."

"मग?"

"मग काय. पप्पा घरात कॅमेऱ्याचं नाव काढू देत न्हाईत. लग्नकार्यात फोटूवाला आला की पप्पा गोठ्याकडं. भिवा तात्या आन् वस्तीवरची सगळी अजून पप्पांना टोपीच म्हणत्यात ना. 'आली टोपी', 'बसा टोपी'. आजीला लई लागतं ते."

मी रसाचा ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, "मास्तर, अर्धा ऱ्हायलाय."

तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायची गरज नाही, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझं मला दिसत नाही. आपल्या लेन्सला बटण नाही. तोंडावरची टोपी काढायची, सेकंद मोजायचे, टोपी लावायची. कॅमेऱ्याची पुढची बाजू तुझी, मागची माझी, अशी आपली वाटणी होती. अकरा वर्षांपूर्वी याच महिन्यात वाघरीपुढे, मेंढरांच्या जाळीपुढे, तुझे वडील, म्हस्कू आबा, काठी-घोंगडी घेऊन उभे राहिले. एकच ताव. अठरा दिवसांनी आबा गेले. फिल्म कोरी निघाली.

'फिल्म कोरी निघाली.' किती सभ्य वाक्य आहे बघ. त्यात कोणाचाच हात दिसत नाही.

तुझ्या आईला, सगुणाबाईंना, खुर्चीत बसवून एक फोटो काढू दे. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, माझी फिल्म मुदतीच्या पुढे आहे, जमेल दोघींचं. तू घरी नसताना येईन. तुझं तोंड बघायचा आग्रह नाही.

जयसिंग


शिरूर, १ फेब्रुवारी २०२५

शंभू,

दौंड गाडीच्या कंडक्टरनं शाळेच्या फाटकात स्टीलचा डबा आणून दिला. "तुमचं जेवान," म्हणाला. मी म्हटलं, हो. उघडला तर घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लेन्स. पितळ असं लख्ख की अकरा वर्षं कोणीतरी रोज पुसत असावं. घोंगडीचा तुकडा कोणाचा ते ओळखलं. अजून वास आहे त्याला.

चिठ्ठी वाचली. चारदा वाचली. तू लिहितोस:

"मास्तर, लेन्स पाठवली हाय. आईचा फोटू काढा. मी ड्युटीवर असताना या. टोपी मीच काढायची विसरलो आसंन. आधी वाटायचं, काढली हुती, हाताला आठवतं. पण येवढ्या जणांनी येवढ्या वेळा म्हणल्यावर हाताचं काय खरं. तुमच्यावर राग धरला ते चुकलंच. शंभू."

जुनं जाऊ दे, शंभू. झालं गेलं नदीला मिळालं. पुढच्या आठवड्यात दिवस कळवतो.

जयसिंग


शिरूर, ४ फेब्रुवारी २०२५

शंभू,

परवाचं पत्र फाडून टाक. फाडलं असशील तर बरं, नसशील तर हे वाचून झाल्यावर दोन्ही फाड.

लेन्स त्याच डब्यात, त्याच घोंगडीत, त्याच कंडक्टरकडे परत पाठवतो आहे. तो विचारील, जेवण आवडलं नाही का. त्याला काय सांगायचं ते तू ठरव.

तू टोपी काढली होतीस.

हे वाक्य लिहायला अकरा वर्षं लागली आणि शब्द निघाले चार. आता सगळं सांगतो, मधे थांबलो तर पुन्हा विनोद करीन.

पाच जानेवारी, रविवार. आबा म्हणाले, "येकदाच हुबा ऱ्हानार. मी काय लाइटीचा खांब हाय?" मी काळ्या कपड्यात शिरून काचेवर त्यांना बघितलं. उलटे दिसत होते, पाय आभाळात, फेटा जमिनीकडे, तरी इतका देखणा माणूस मी त्या काचेवर पुन्हा बघितला नाही. मी काच बाजूला केली, होल्डर सरकवला आणि कपड्यातून बाहेर येऊन तुझ्या शेजारी उभा राहिलो. तू डाव्या हातानं टोपी काढलीस. नेहमीसारखं मोजलंस, "येक मेंढरू, दोन मेंढरं, तीन मेंढरं." आबा हसू दाबत होते, कारण मोजायची ही रीत त्यांचीच. टोपी तुझ्या मुठीत होती. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मग तू ती लावलीस.

होल्डरमधली काळी पट्टी मी काढलीच नव्हती. फिल्मवरचं झाकण. पुढून तू दार उघडलंस, मागून मी खिडकी बंद ठेवली. काचेवरचा तो चेहरा मनात घेऊन बाहेर आलो आणि त्याला कोणती उपमा द्यावी याचा विचार करत बसलो. विद्वत्तेचा उपयोग हा.

आणि हे मला त्याच दिवशी कळलं. दहाव्याला नाही, त्याच दिवशी दुपारी. घरी येऊन फिल्म धुवायला मोरीत अंधार करण्याआधी होल्डर हातात घेतला तर पट्टीची पांढरी कड बाहेर. पांढरी म्हणजे फिल्म कोरी, काळी म्हणजे फोटो घेऊन झालेला. हा नियम मीच तुला शिकवला, 'लग्नाआधी पांढरं, लग्नानंतर काळं' असं सांगून. सुलक्षणा त्यावर आठवडाभर बोलली नव्हती.

आबा तेव्हा धडधाकट होते. दुसऱ्या दिवशी सकाळची न्हावऱ्याची गाडी पकडून मी दौंडला आलो असतो आणि म्हणालो असतो, आबा, माझी चूक झाली, पुन्हा उभं राहा. आबांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि उभे राहिले असते. पंचावन्न किलोमीटर आणि दोन शिव्या, एवढंच अंतर होतं. पण होल्डरचं शिक्षण तुला देणारा मी. शाळेत 'प्रमाद' या शब्दावर तास घेणारा मी. तुला फोनवर सांगितलं, परीक्षा आहेत, धुवायला वेळ नाही. मनात होतं, पुढच्या रविवारी काहीतरी निमित्त काढून दुसरा फोटो घेऊ म्हणजे कोणाला कळायचं नाही. पुढच्या रविवारी संक्रांतीची गडबड. त्याच्या पुढच्या रविवारी शाळेचं संमेलन. मग तेवीस तारखेला तुझा फोन आला.

दहाव्याला नदीवर भिवा तात्यांनी विचारलं, "मास्तर, आबाचा फोटू?" मी आदल्या दिवशी तो ताव धुतला होता. कोरा निघणार हे माहीत असून धुतला, म्हणजे हातात दाखवायला काहीतरी राहील. काचेसारखी स्वच्छ फिल्म मी तात्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "आसं कशानं हुतं?"

मी म्हणालो, "लेन्सची टोपी काढायची राहिली तर असं होतं."

वाक्य खरं होतं, शंभू. टोपी राहिली तर असंच होतं. धूर दिसला की अग्नी आहे असं मी पोरांना शिकवतो. एकाच धुराला दोन चुली असू शकतात हे मी त्या दिवशी शिकवलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "मी काढली हुती." मग तू माझ्याकडे बघितलंस. एक शब्द बोलायचा होता मला. मी नदीकडे बघत उभा राहिलो.

पुढं तू लेन्स उतरवून घेतलीस आणि म्हणालास, "ज्या हातानं टोपी काढली न्हाई म्हंता, त्याच हातात ऱ्हाऊ द्या ही." तुला वाटलं मास्तरांचा गैरसमज झालाय. गैरसमज झाला असता तर मी सुखानं जगलो असतो.

तुझ्या चिठ्ठीत सगळ्यात वाईट काय असेल, तर तुझ्या हातावरचा तुझा विश्वास मी घालवला, हे. रेल्वेचे सिग्नल सांभाळणारा हात तो. हाताला आठवतं ते खरं आहे. हाताचंच खरं आहे.

क्षमा मागत नाही. तीही तुझ्याकडे एक मागणीच.

जयसिंग


शिरूर, १७ फेब्रुवारी २०२५

शंभू,

तू गप्प आहेस ते योग्य आहे. पण तुझी आई गप्प नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. काल तेजश्रीच्या फोनवरून सगुणाबाईंचा फोन आला. बोलणं जसंच्या तसं देतो. तू बाहेर होतास म्हणे.

"मास्तर, पत्र पोरीनं वाचून दावलं."

मी म्हटलं, "आई, माझं फार चुकलं."

"ते लिवलंय की तुमी. झ्याक लिवलंय. पोरगी मधीच रडायला लागली, मंग पुन्यांदा वाचाया लावलं. पण कागदावर लिवून काय व्हतंय? मला वाचता येत न्हाई, आन् भिवाला त्याच्याहून न्हाई."

"मी काय करू?"

"माझ्या लेकराची मान चार मान्सांत खाली गेली. घरात बसून वर न्हाई यायची ती. येत्या आयतवारी बिरोबाचा निवद हाय. तीच मान्सं येनार. तुमी या, आन् हुबं ऱ्हाऊन बोला."

"शंभू काय म्हणतो?"

"त्यो काय म्हंतोय. पावसात मेंढरू हुबं ऱ्हातंय तसा हुबा ऱ्हातोय. लेन्स तेवढी पुसतोय. आन् मास्तर, येताना पेटी आना. माझा फोटू ऱ्हायलाय."

मग फोन तेजश्रीनं घेतला आणि म्हणाली, "आजी म्हणती, आधी बोलणं, मग फोटू. उलट न्हाई."

चाळीस पोरांसमोर पस्तीस मिनिटं बोलायची मला सवय आहे. हे मिनिटभराचं बोलणं आहे आणि मी कालपासून चार मसुदे केले. पहिल्यात 'अनवधानाने' आलं. भिवा तात्या विचारतील, हा कोण? दुसऱ्यात मी माझीच इतकी निंदा केली की ऐकणाऱ्याला माझी दया यावी; तोही फाडला. सुलक्षणा म्हणाली, "मसुदा कशाला? चूक करताना केला होता का?"

रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. मी येऊ नये असं वाटत असेल तर कळव. मग कॅमेरा न घेता येईन.

जयसिंग


शिरूर, २७ फेब्रुवारी २०२५

शंभू,

रविवारी तू तिथंच होतास, तरी हे लिहावं लागतंय, कारण महत्त्वाच्या वेळी तू तिथं नव्हतास. मी बोलायला उभा राहिलो आणि तू जाळीमागे मेंढरांत निघून गेलास. मला वाटलं, रागानं. तेजश्री म्हणाली, "न्हाई मास्तर, पप्पांना कुणी त्यांच्यासाठी बोललेलं सोसत न्हाई." म्हणून तुला न ऐकू गेलेलं सांगतो.

नैवेद्य झाला होता, पंगत बसायची होती. माझ्यासकट सतरा माणसं होती, मी मोजली. घाबरलो की मी मोजतो. सगुणाबाई म्हणाल्या, "भिवा, जरा बस. मास्तरांना बोलायचं हाय." तात्या म्हणाले, "जेवल्यावर बोला की." त्या म्हणाल्या, "न्हाई. भरल्या पोटानं माफी लवकर व्हती."

मी म्हणालो, "आबांचा फोटो शंभूमुळे नाही गेला. माझ्यामुळे गेला." पिशवीतून होल्डर काढला. तात्यांच्या हातात दिला, काळी पट्टी ओढायला लावली. म्हटलं, "हे झाकण काढायचं काम माझं. मी विसरलो. शंभूनं टोपी काढली होती, मी शेजारी उभा होतो, मी बघितली. तेव्हा तुम्ही विचारलंत आणि मी त्याला खोटं पडू दिलं." 'खोटं पडू दिलं' हे चूक आहे, मी खोटं बोललो असं म्हणायला हवं होतं. तेवढं तिथं जमलं नाही, इथं लिहितो.

कढईतल्या रश्शाचा आवाज येत होता. तात्या पट्टी आत-बाहेर करत बसले. मग म्हणाले, "आबा जित्ता व्हता तवाच कळलं व्हतं तुमाला?"

शंभू, हे मी भाषणात गाळलं होतं. पाचव्या मसुद्यात होतं, तिथं उभा राहिल्यावर गाळलं. मी म्हणालो, "हो. त्याच दिवशी."

तुमच्यातली एक म्हातारी मागून म्हणाली, "अगं आई." तेवढंच.

तात्यांनी पट्टी आत ढकलली. "मंजी अकरा वरीस आमी त्याला टोपी म्हनत आलो ते..."

"चुकीचं होतं, तात्या."

"मग आता तुमाला काय म्हनावं?"

"तुम्ही ठरवा."

त्यांनी हातातल्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पट्टी मास्तर," म्हणाले. पोरं हसली, मग मोठी माणसं. तर यापुढे तुमच्या वस्तीवर मी पट्टी आहे आणि तू नुसता शंभू. ही पदवी मला विद्यापीठाच्या पदवीपेक्षा जास्त कष्टानं मिळाली आहे.

अजून एक गोष्ट तू बघितली नाहीस. सगुणाबाईंनी आतून रेशनकार्ड आणलं. त्याच्यावर ती फिल्म, आबांची, आवरण म्हणून बसवलेली, दोन बाजूंनी शिवून. म्हणाल्या, "कवाधरनं वापरत्ये. चिवट हाय, पानी लागत न्हाई." अकरा वर्षं मी त्या तावाचा विचार करत होतो. वाटायचं, देवाऱ्यात ठेवला असेल, नाहीतर रडून नदीत सोडला असेल. आणि तो दर महिन्याला गहू-तांदूळ आणायला दुकानात जात होता. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मानूस ग्येल्यावर त्याच्या वस्तूचा उपेग करावा. त्यांना रिकामं बसल्यालं आवडायचं न्हाई."

पुढचं तुला माहीत आहे. तू जाळीमागून आलास, कपड्याला मेंढरांची लोकर लागलेली, हातात लेन्स. अकरा वर्षांनी तुझा पहिला शब्द: "होल्डर मी बघनार." तू पाटी पेटीला बसवलीस. तुझं सुतारकाम अजून केसभर हललेलं नाही, पाबळला ते शिकवणाऱ्या तुझ्या गुरुजींना सांग. भात्याला कोपऱ्यात भोक पडलं होतं, ते तू तेजश्रीच्या औषधांच्या पेटीतल्या चिकटपट्टीनं बुजवलंस. मला काही विचारलं नाहीस. बरं केलंस.

आता निगेटिव्ह. काल तिन्ही ताव धुतले.

सगुणाबाईंचे दोन. शंभू, मुदत संपलेल्या फिल्मला थोडा धुरकटपणा आलाय, तो त्यांना शोभतोय. खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात, नथ, कपाळावरच्या आठ्या एक-एक मोजता येतात. बाजाराला निघालेल्या मुळीच दिसत नाहीत. बाजार त्यांच्याकडे आल्यासारखा दिसतो. दुसऱ्यात ओठ किंचित हलले आहेत. काहीतरी म्हणाल्या असणार. काय ते तू विचार, मला सांगणार नाहीत.

तिसरा सगळ्यांचा. कॅमेऱ्याची मागची आणि पुढची दोन्ही कामं तुझी. मी फोटोत उभा राहायला नको म्हणत होतो, तर सगुणाबाई म्हणाल्या, "पट्टी, तुमी बी हुबं ऱ्हावा." मी तात्यांच्या शेजारी उभा राहिलो. आजवर लोकांना 'हलू नका' सांगत आलेला माणूस पहिल्यांदा पलीकडच्या बाजूला.

तू टोपी काढलीस. "येक मेंढरू."

सोळा माणसं दगडासारखी उभी होती. कडेवरचं पोरसुद्धा. भिवा तात्यांची मिशी केस-केस मोजता येते.

"दोन मेंढरं."

आणि मला राहवलं नाही. मान वळवून मी बघितलं, पट्टी काढली आहे की नाही. तुला ते दिसलं. तू डावा हात वर केलास. काळी पट्टी त्यात होती. मला दिसेल अशी धरलीस, एका हातात टोपी, एका हातात पट्टी, आणि तशाच हातांनी म्हणालास, "तीन मेंढरं." तेव्हा तू हसलास. दुसऱ्या कोणाला ते दिसलं नसेल, सगळे लेन्सकडे बघत होते.

निगेटिव्हवर सोळा माणसं स्वच्छ आहेत. सतराव्याला तोंडच नाही. सदरा आहे, हात आहेत, चप्पल आहे, आणि मानेवर नुसता धुरळा. सुलक्षणानं उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "छान आलाय. आबांचा गेला तसा तुमचाही गेला."

हा फोटो पुन्हा काढायचा नाही, शंभू. असाच मोठा करून तुमच्या भिंतीला लाव, सगुणाबाईंच्या शेजारी. पेटी मी मुद्दाम तुझ्याकडे विसरून आलो आहे. आता धड आणि डोळा एकत्र राहू दे. उरलेले पाच ताव मी आणीन. श्रीखंडाची जागा मोकळी झाली, घरात आनंद आहे.

आणि कोणी पाहुण्यानं विचारलं, हा कडेचा बिनतोंडाचा माणूस कोण, कुठं बघतोय, तर सांग, पट्टी मास्तर आहे, आणि फोटो काढणाऱ्याच्या हाताकडे बघतोय.

तुझा,
जयसिंग